१०९ रुपये आणि एक खाडा

(हा आमच्या पॉडकास्टच्या एका भागाचा लिखित मजकूर आहे. बोलणारी मैत्रीण चाकणला वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करते. बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय. वाचायला सोपं जावं म्हणून मधे मथळे घातले आहेत. ध्वनिमुद्रण २०२५ च्या पावसाळ्यातलं.)

मी माझं नाव सांगणार नाहीये. का नाही, ते पुढे बोलण्यात येईलच. वय बावीस, गाव परभणी जिल्ह्यात, काम चाकणला. आणि सोबत टाइप वन डायबेटिस, वयाच्या सोळाव्या वर्षापासून.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण हे ऐकलं की लोक लगेच विचारतात, "एवढ्या लहान वयात? गोड खूप खायचीस का?" नाही हो. टाइप वनमध्ये शरीर इन्सुलिन बनवायचंच बंद करतं. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. गोळीवर भागत नाही, इन्सुलिन बाहेरूनच घ्यावं लागतं. मी दिवसाला चार इंजेक्शनं घेते. तीन जेवणांच्या आधी, एक झोपताना. कारखान्याला सुट्टी असली तरी त्याला सुट्टी नसते.

पण आज मला आजारावर कमी आणि पैशावर जास्त बोलायचंय. कमी पगार असलेली माणसं खूप आहेत, आजारी माणसंही खूप आहेत. हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आलं की हिशोब कसा बदलतो, ते सांगायचंय. लोकांना वाटतं की औषधं महाग असतात, म्हणून गरीब आजारी माणूस अडचणीत येतो. माझ्या बाबतीत औषध जवळजवळ फुकट आहे. तरी अडचण आहे. ती का, ते ऐका.

आधी आकडे

माझा पगार असा आहे. मूळ १३,५०० रुपये. त्यावर १,००० रुपये हजेरी बोनस. एकूण १४,५००. त्यातून पीएफ कापला जातो १,६२० आणि ईएसआय १०९. हातात येतात १२,७७१.

आता खर्च. रूम आम्ही चौघी मिळून घेतलीय, ८,००० भाडं. माझ्या वाट्याचे २,०००, लाइट-पाणी २५०. जेवण रूमवरच बनवतो, किराणा-भाजी-गॅस धरून २,६००. घरी ३,५०० पाठवते, कारण लहान भाऊ आयटीआयला आहे आणि अण्णांची शेती म्हणजे तुम्हाला माहितीय, एक वर्ष पाऊस नाही आणि एक वर्ष पाऊसच पाऊस. मोबाइलचा रिचार्ज ३००. साबण, तेल, पॅड वगैरे ६००. भिशी १,०००. आणि शुगर तपासायच्या पट्ट्या १,०८०. त्या मला विकतच घ्याव्या लागतात. एक पट्टी १८ रुपयांना पडते, दिवसाला दोन वापरते. खरं तर चार वापरायला हव्यात.

सगळं वजा केलं की उरतात १,४४१ रुपये.

आता दुसरा आकडा बघा. एक दिवस कामावर गेले नाही, म्हणजे एक खाडा पडला, की काय होतं? त्या दिवसाचे ४५० रुपये जातात. आणि महिन्यात एकही खाडा पडला तर हजेरी बोनसचे १,००० पूर्ण जातात. म्हणजे १,४५०.

उरतात १,४४१, आणि एका खाड्याची किंमत १,४५०. मी हे मुद्दाम जुळवून आणलेलं नाही, पगाराच्या स्लिपवर आणि माझ्या वहीत ते तसंच आहे. महिन्यात एक दिवस घरी राहिले की माझी शिल्लक शून्याच्या खाली जाते.

फुकट औषधाची किंमत

ते १०९ रुपये कशाचे कापतात, हे माझ्या लाइनवरच्या दहापैकी सात-आठ मुलींना माहीत नव्हतं. "काहीतरी सरकारी असतं" एवढंच. तर ते ईएसआयचे असतात, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. १९४८ च्या कायद्याने आलेला. साधारण दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर हा विमा लागू होतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. माझे १०९, त्यांचे ४७२. या ५८१ रुपयांत मला, आणि माझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही, दवाखाना मिळतो. डॉक्टर, तपासण्या, औषधं, गरज पडली तर भरती. हे बाहेर करायचं म्हटलं तर इन्सुलिन, सिरिंज, डॉक्टरांची फी आणि तीन महिन्यांची रक्ततपासणी धरून मला महिन्याला सरासरी दोन-अडीच हजार लागायचे. लागायचे म्हणजे खरंच लागायचे, नोकरीच्या आधी दोन वर्षं अण्णांनी ते भरलेत.

त्यामुळे ईएसआय बेकार आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. माझं इन्सुलिन तिथूनच येतं.

पण दवाखाना उघडा असतो कामाच्या दिवशी, आणि आमची साप्ताहिक सुट्टी रविवारी. चाकण-भोसरीकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, आमच्याकडे रविवार. म्हणजे औषध आणायला महिन्यातून एकदा कामाच्या दिवशीच जावं लागणार. सकाळी निघायचं, दोन बस बदलायच्या, रांग, डॉक्टर, मग औषधाची रांग. सेकंड शिफ्ट दुपारी दोनला सुरू होते. तोवर परत पोचता आलं तर ठीक, नाहीतर खाडा. सुरुवातीचे महिने असेच गेले. फुकटचं इन्सुलिन मला १,४५० रुपयांना पडत होतं.

तुम्ही म्हणाल, आजारपणाचे पैसे ईएसआय देतं ना? देतं. त्याला आजारपणाचा लाभ म्हणतात. सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ती अट लागत नाही, एरवी लागते. आणि मी तर एकाच दिवसासाठी जाते. त्या एका दिवसाचे मला काहीच मिळत नाही.

माझं आजचं मुख्य म्हणणं हेच आहे. आपल्याकडे मोठ्या आजारपणाची सोय आहे. अंथरुणाला खिळलात तर कायदा आहे, विमा आहे, योजना आहेत. पण जो आजार रोज तुमच्याबरोबर कामाला येतो, ज्याला महिन्याला एक दिवस, दिवसाला दहा मिनिटं एवढंच लागतं, त्या एका दिवसाची आणि दहा मिनिटांची सोय कुठेच लिहिलेली नाही. डायबेटिस, थायरॉइड, मिरगी, दमा, सिकलसेल, संधिवात, असं काही असलेली पंचवीस वर्षांच्या आतली कितीतरी मुलं-मुली कामाला जातात. बघून कोणाला कळतही नाही. त्यांचा पैसा औषधात जातो त्यापेक्षा खाड्यात जास्त जातो.

दहा मिनिटांची गोष्ट

आता ती दहा मिनिटं. वायरिंग हार्नेस म्हणजे गाडीच्या आतली वायरींची जाळी. आमच्या लाइनवर बोर्ड फिरत असतो, प्रत्येकीचं स्टेशन ठरलेलं, तेवढ्या वेळात तेवढे कनेक्टर बसवायचे. उभ्याने काम. लाइन थांबत नाही. बाथरूमला जायचं तर रिलिव्हर यावी लागते, ती येऊन तुमच्या जागी उभी राहिली की मग जायचं.

शुगर वाढली की सारखी लघवीला लागते आणि तहान लागते. शुगर उतरली की हात थरथरतात, घाम येतो, डोळ्यासमोरचा लाल वायर आणि तपकिरी वायर सारखाच दिसायला लागतो. माझ्या कामात हात थरथरणं म्हणजे कनेक्टर चुकीचा बसणं, म्हणजे रिजेक्शन, म्हणजे बोर्डावर नाव. वर नियम असा की लाइनवर खायचं नाही.

शुगर ७० च्या खाली गेली की काय करायचं, ते डॉक्टरांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. सोपं आहे. घरी सोपं आहे. लाइनवर ती पंधरा मिनिटं कोणाकडे मागायची?

मागायची तर सांगावं लागतं. आणि सांगायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण पहिल्या ठिकाणी मी सांगितलं होतं. दुसऱ्याच कारखान्यात, मुलाखतीला. मी स्वतःहून म्हणाले, मला टाइप वन आहे पण काम करायला अडचण नाही. समोरचे सर चांगले बोलले, म्हणाले, "बेटा, तू आधी तब्येत बघ." माझ्याबरोबर आलेल्या दोघींना त्याच संध्याकाळी फोन आला, मला आला नाही.

म्हणून इथे लागताना मी काही बोलले नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, आजही वाटत नाही. ज्याला ठेकेदार दर काही महिन्यांनी ब्रेक देतो, ज्याचं नाव पुढच्या यादीत येईल की नाही हे एका माणसाच्या मर्जीवर असतं, त्याला "प्रामाणिकपणे सांगायला हवं होतं" असं म्हणणं सोपं असतं. आज नाव सांगत नाहीये तेही त्याचमुळे. दोन महिन्यांनी परत यादी लागणार आहे.

पण लपवण्याचाही खर्च असतो, तोही हिशोबात धरा. मी शुगर मुद्दाम थोडी जास्त ठेवायचे, लाइनवर उतरू नये म्हणून. डबा उशिरा झाला तर इन्सुलिन कमी घ्यायचे. कमी पगारातला पेशंट असंच जगतो. पुस्तकाप्रमाणे आजार सांभाळायचा तर आधी शिफ्ट पुस्तकाप्रमाणे हवी.

सप्टेंबरचे अकरा दिवस

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये ताप आला. आमच्या रूमवर दोघींना आला होता, तिसरी मी. ज्याला इन्सुलिन लागतं त्याच्या शरीरात तापात शुगर वाढते, आणि इन्सुलिन पुरेनासं झालं की रक्तात किटोन नावाचं आम्ल साठायला लागतं. उलट्या होतात, पोट दुखतं, श्वास खोल आणि जोरात चालायला लागतो. जेवण जात नसलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, हे मला माहीत होतं, ते मी बंद केलं नव्हतंच. तरीही ते वाढत गेलं. रूममेटने श्वास बघितला आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात भरती, मग घरी विश्रांती, एकूण अकरा दिवस.

इथे मात्र त्या १०९ रुपयांनी मला तारलं. भरतीचं बिल ईएसआयमधून. अकरा दिवसांतले पहिले दोन सोडून नऊ दिवसांचे पैसे, ७० टक्क्यांनी, साधारण ३,००० रुपये बँकेत आले. पगार बुडाला त्याच्या मानाने कमीच. पण त्या महिन्याचं भाडं आणि किराणा त्यातून निघाला, आणि मला कोणाकडे हात पसरावा लागला नाही.

आणि एक गोष्ट तेव्हाच कळली. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या काळात मालक कामगाराला कामावरून काढू शकत नाही, हे तेव्हाच्या ईएसआयच्या कायद्यातच होतं. ठेकेदाराच्या माणसाने फोनवर "बघू, तुझी जागा भरलीय" असं सुरू केलं, तेव्हा मी त्यांना एवढंच म्हणाले, "सर, माझं ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालू आहे, तारखा पाठवते." आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, अमुक तारखेला ये.

अठ्ठ्याहत्तर दिवस

आता हा भाग नीट ऐका, गाडी चालवत असाल तर नंतर परत ऐका.

दवाखाना आणि औषध तुम्हाला विमा लागू झाल्या दिवसापासून मिळतं. पण आजारपणाचे पैसे मिळायला दिवस भरावे लागतात. वर्षाचे दोन भाग असतात. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एका भागात निदान ७८ दिवसांची वर्गणी जमा झाली पाहिजे. एप्रिल-सप्टेंबरमध्ये भरले तर त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. ऑक्टोबर-मार्चमध्ये भरले तर जुलै ते डिसेंबरमध्ये. नवीन लागलेल्यांसाठी सुरुवातीची मोजणी थोडी वेगळी असते. मी सप्टेंबरमध्ये पडले, त्याआधीच्या ऑक्टोबर-मार्चमध्ये माझे दिवस भरलेले होते, म्हणून पैसे आले.

माझ्या रूममेटला कावीळ झाली, वीस दिवस झोपून होती. तिला एक रुपया मिळाला नाही. का? त्या सहा महिन्यांत तिने एका ठेकेदाराकडे ४५ दिवस काम केलं, मग ब्रेक, मग दुसऱ्याकडे ५० दिवस. बेरीज ९५, म्हणजे ७८ पेक्षा जास्त. पण दुसऱ्या ठेकेदाराने तिचा जुना विमा नंबर विचारलाच नाही, नवीन काढला. एका नंबरवर ४५, दुसऱ्यावर ५०, दोन्ही ७८ च्या आत. मग अर्ज, चकरा, आणि प्रत्येक चकरेला एक खाडा.

म्हणून तीन गोष्टी. विमा नंबर आयुष्यभर एकच असतो, नोकरी बदलली तरी तोच द्यायचा, आपणहून द्यायचा. महिन्याची स्लिप फोटो काढून ठेवायची. आणि ठेकेदाराने कापलेले पैसे खरंच जमा केले का, ते ईएसआयच्या वेबसाइटवर आपल्या नंबरने बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे, आपण रील बघतो त्यापेक्षा कमी.

अजून एक. क्षयरोग, कॅन्सर अशा काही ठरवून दिलेल्या लांबच्या आजारांत, सलग दोन वर्षं नोकरी झालेली असली तर ९१ दिवसांनंतरही ८० टक्क्यांनी पैसे मिळतात, जास्तीत जास्त दोन वर्षं. तुमच्या घरात असं कोणी असेल तर दवाखान्यात विचारा. तिथे स्वतःहून सांगायला कोणाला वेळ नसतो.

पगार वाढला आणि विमा गेला

आमच्या लाइनचा एक दादा आहे, लाइन लीडर. त्याचा पगार २०,५०० वरून २१,८०० झाला. पेढे वाटले. २१,००० ची मर्यादा ओलांडली, त्यामुळे चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, ईएसआय राहिलं आणि मग बंद. त्याच्या आईची बीपी-शुगर-किडनीची औषधं तिथूनच यायची, बाहेर महिन्याला अडीच हजार. वाढ १,३०० ची, खर्च २,५०० चा. ही २१,००० ची मर्यादा २०१७ पासून आहे तिथेच आहे. त्यानंतर किराणा कुठे गेला, भाडं कुठे गेलं, तुम्हीच बघा.

आणि ज्यांना ईएसआय मुळातच नाही, त्यांचं काय? डिलिव्हरी करणारी मुलं, छोट्या दुकानातली मुलं, ॲप्रेंटिसशिप कायद्याखाली घेतलेले प्रशिक्षणार्थी. त्यांच्यासाठी भरतीची वेळ आली तर महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, ठरलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्या दवाखान्यांत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, उत्पन्नाचा दाखला लागतो. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र. हे सगळं आहे, आणि कामाला येतं. पण परत बघा, यातलं बहुतेक भरतीसाठी आहे. रोजच्या आजाराचा खाडा इथेही ज्याचा त्यालाच भरावा लागतो.

मी काय केलं

अकरा दिवसांनी परत आले तेव्हा ठरवलं की सगळ्यांना सांगायचं नाही, पण प्रत्येक ठिकाणी एकाला सांगायचं.

रूमवर घरमालकीण काकूंना सांगितलं. माझ्याकडे फ्रिज नाही. चालू बाटली महिनाभर बाहेर राहू शकते, फार गरम होऊ दिली नाही तर. ती मी मातीच्या छोट्या मडक्यात ठेवते. मडकं वाळूत, वाळू ओली. पण न फोडलेल्या बाटल्या फ्रिजमध्येच लागतात. काकूंनी फ्रिजच्या दारातला कप्पा दिला. एकदा कोणीतरी बाटल्या उचलून बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, फेकावं लागलं. तेव्हापासून काकूंनी कप्प्यावर स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावलीय, "हात लावू नये, पोरीचं औषध."

लाइनवर शेजारच्या स्टेशनच्या ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला थायरॉइड आहे, मी कुठे सांगते?" दोघी हसलो. आता माझा चेहरा उतरलेला दिसला की त्याच रिलिव्हरला हाक मारतात.

मग सुपरवायझरांना. तोंडी नाही, कागदावर. ईएसआयच्या डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र घेतलं. काम करायला सक्षम आहे, वेळेवर जेवण आणि गरज पडल्यास दहा मिनिटांची विश्रांती आवश्यक. आणि मी दोनच गोष्टी मागितल्या. ॲप्रनच्या खिशात साखरेची पुडी ठेवायची परवानगी, आणि रविवारऐवजी गुरुवारची सुट्टी. कारखान्याचा एक विभाग रविवारी चालतो, त्यांची सुट्टी गुरुवारी असते. सर पत्र वाचून म्हणाले, "हे आधी का नाही बोललीस?" मी काही उत्तर दिलं नाही. पुडीची परवानगी त्याच दिवशी मिळाली. सुट्टीला दोन महिने लागले. शेवटी त्या विभागात बदली झाली.

आता मी गुरुवारी दवाखान्यात जाते. खाडा पडत नाही. महिन्याचे १,४५० वाचतात. तिसरी पट्टी वापरायला लागलेय, महिन्याला ५४० रुपये जास्त जातात, पण त्यामुळे शुगर मुद्दाम जास्त ठेवावी लागत नाही. रविवारी मैत्रिणी फिरायला जातात, मी लाइनवर असते. एवढं चालतं.

पण हे माझं जमलं. सर ऐकणारे निघाले, दुसरा विभाग होता. ज्या कारखान्यात एकच सुट्टी आहे, तिथल्या मुलीने काय करायचं? मला विचाराल तर मागणी फार छोटी आहे. दवाखान्याची पावती दाखवली तर महिन्यातला एक दिवस खाडा धरू नका. त्या दिवसाचे ४५० कापा हवं तर, पण हजेरी बोनस कापू नका. हजेरी बोनस दांडी मारणाऱ्यासाठी आहे ना, औषध आणायला गेलेल्यासाठी नाही. आम्ही अकरा जणींनी हे कागदावर लिहून दिलंय. तेव्हा कळलं, अकरापैकी सात जणींना काही ना काही आहे. एवढे दिवस शेजारी शेजारी उभ्या होतो.

उत्तर अजून आलेलं नाही. आलं की कळवेन, नावासकट किंवा नावाशिवाय, जसं जमेल तसं.

तुमच्यापैकी कोणी असं काहीतरी घेऊन कामाला जात असेल, तर सगळ्यांना सांगा असं मी म्हणणार नाही. तुमच्या नोकरीचं तुम्हाला माहीत. एकाला सांगा. ज्याच्या समोर तुम्ही पडलात तर ज्याला पहिल्यांदा कळेल, त्याला. आणि विमा नंबर पाठ करून ठेवा.

चला, माझी सेकंड आहे, बस येईल. काळजी घ्या.